आधी नोंद, मग निदान

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला आर्गाइल नावाचा डोंगराळ, पावसाळी प्रदेश आहे. तिथल्या लॉकगिल्पहेड गावाजवळ, अख्नाब्रेक नावाच्या ठिकाणी, टेकडीच्या उतारावर जमिनीतून वर आलेला उघडा कातळ दिसतो. भर दुपारी पाहिले तर त्यात विशेष काही नाही. ऊन कलले, सावल्या लांबल्या, की त्याच कातळावर आकृत्या उमटू लागतात. वाटीएवढे खळगे, त्या खळग्यांभोवती एकात एक कोरलेली वर्तुळे आणि मधल्या खळग्यापासून सगळी वर्तुळे छेदत बाहेर पडणारी एखादी पन्हळ. काही आकृत्या जवळजवळ एक मीटर रुंदीच्या आहेत. त्या कोरणाऱ्या माणसांनी नाव ठेवले नाही, लिपी ठेवली नाही, कशासाठी कोरले याचा मागमूसही ठेवला नाही. आजच्या अंदाजानुसार अशी बहुतेक कोरीवकामे चार ते सहा हजार वर्षांपूर्वीची आहेत.

स्कॉटलंडभर विखुरलेल्या अशा दगडांची पहिली मोठी, पद्धतशीर नोंद 1867 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती करणारा माणूस पुरातत्त्वाचा प्राध्यापक नव्हता, भूगर्भशास्त्रज्ञही नव्हता. तो बाळंतपणे करणारा डॉक्टर होता. क्लोरोफॉर्मची भूल जगाला देणारे एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ सर जेम्स यंग सिम्पसन, ते हेच. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव एका रात्रीसाठी घेतले जाते. पण त्यांच्या आयुष्याचा धागा त्या रात्रीत सापडत नाही, तो त्यांच्या नोंदवह्यांत सापडतो.

बेकरीवाल्याचे आठवे अपत्य

एडिंबरोपासून पश्चिमेला बाथगेट नावाचे गाव आहे. तिथे डेव्हिड सिम्पसन यांचा पाव भाजण्याचा धंदा होता. 7 जून 1811 रोजी त्यांच्या घरी आठवे अपत्य जन्मले. गावच्या डॉक्टरांनी आपल्या नोंदवहीत या बाळंतपणाची ओळ लिहून ठेवली आहे. डॉक्टर पोहोचण्याआधीच मूल जन्माला आले होते. पुढे ज्यांनी बाळंतपणाचे शास्त्र बदलले, त्यांच्या स्वतःच्या जन्मवेळी डॉक्टर उशिरा आले हे आज कळते, ते त्या नोंदीमुळेच.

जेम्स नऊ वर्षांचे असताना आई गेली. थोरल्या बहिणीने घर सांभाळले. धाकटा भाऊ हुशार आहे हे सगळ्या भावंडांना ठाऊक होते. त्याच्या शिक्षणासाठी घराने पैसा बाजूला काढला, भाऊ अलेक्झांडर पाठीशी उभा राहिला, आणि 14 व्या वर्षी जेम्स एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले.

तो काळ भुलेपूर्वीचा होता. शस्त्रक्रियागृहात रुग्णाला धरून ठेवायला धडधाकट माणसे लागत. उत्तम शल्यविशारद म्हणजे हात भराभर चालणारा. रॉबर्ट लिस्टन हे त्यातले नामांकित. विद्यार्थी सिम्पसन यांनी लिस्टन यांना एका डोंगराळ भागातून आलेल्या स्त्रीचे स्तन काढताना पाहिले. ती पूर्ण शुद्धीत होती. ते दृश्य त्यांना सहन झाले नाही. वैद्यक सोडावे आणि वकिलाच्या कचेरीत कारकुनी करावी, असा विचार त्यांनी केला. पण ते परत फिरले. वेदना कमी करण्याचा काही उपाय निघू शकेल का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात राहिला.

1832 साली ते एम.डी. झाले. पुढे प्रसूतिशास्त्राकडे वळले. 1839 मध्ये विद्यापीठातली प्रसूतिशास्त्राची प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, तेव्हा 28 वर्षांच्या या तरुणाने अर्ज केला. नेमणूक शहराच्या नगरपरिषदेच्या हाती होती. वय कमी, घराणे साधे, आणि बाळंतपण शिकवणारा माणूस अविवाहित कसा चालेल, अशीही कुजबुज होती. शेवटच्या आक्षेपाला त्यांनी निवडणुकीच्या तोंडावर लिव्हरपूलच्या जेसी ग्रिंडले यांच्याशी लग्न करून उत्तर दिले. जागा त्यांना मिळाली, ती एका मताच्या फरकाने.

प्राध्यापकीच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच त्यांनी एक लेखमाला प्रसिद्ध केली. विषय बाळंतपणाचा नव्हता. मध्ययुगात स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये कुष्ठरोग्यांसाठी कोठे कोठे वसतिगृहे होती, याचा तो शोध होता. जुनी दानपत्रे, चर्चच्या वह्या, नगरांचे दप्तर धुंडाळून त्यांनी एकेका ठिकाणाची नोंद केली. एकेकाळी देशभर असलेला आजार नंतर जवळजवळ नाहीसा झाला होता. तो किती पसरला होता हे सांगायचे, तर आधी ठिकाणे मोजायला हवीत. हीच पद्धत पुढे दगडांच्या कामी येणार होती.

4 नोव्हेंबर 1847

ऑक्टोबर 1846 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन शस्त्रक्रियेतली वेदना थांबवून दाखवली. बातमी काही आठवड्यांतच अटलांटिकपलीकडे पोहोचली. सिम्पसन यांनी जानेवारी 1847 मध्येच एका अवघड बाळंतपणात ईथर वापरले. बाईच्या कटीराची हाडे वाकडी होती, त्यामुळे मूल सुटणे कठीण होते. भूल दिली तरी गर्भाशयाच्या कळा चालू राहतात, हे त्यांनी त्या वेळी पाहिले. प्रसूतीत भूल देता येईल की नाही, या प्रश्नाचे खरे उत्तर त्या निरीक्षणात होते.

पण ईथरचा वास उग्र होता. तो छातीला झोंबे, बराच लागे, आणि दिव्याच्या उजेडात काम करताना पेट घेण्याचीही भीती असे. म्हणून सिम्पसन दुसरे द्रव्य शोधू लागले. क्वीन स्ट्रीटवरच्या 52 क्रमांकाच्या घरात, रात्रीचे जेवण झाल्यावर, ते आणि त्यांचे दोन साहाय्यक, जॉर्ज कीथ आणि मॅथ्यूज डंकन, निरनिराळी रसायने पेल्यात ओतून हुंगून पाहत. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने ही पद्धत मान्य केली नसती. क्लोरोफॉर्मकडे त्यांचे लक्ष वेधले, ते लिव्हरपूलमध्ये काम करणारे रसायनतज्ज्ञ डेव्हिड वॉल्डी यांनी. 4 नोव्हेंबरच्या रात्री ती बाटली उघडली गेली. थोड्याच वेळात तिघेही गप्पिष्ट झाले, आणि मग जेवणाच्या टेबलाखाली आडवे झाले. शुद्ध आली तेव्हा हे ईथरपेक्षा जोरकस आहे, एवढे त्यांना कळले होते.

चारच दिवसांनी एका बाळंतिणीला क्लोरोफॉर्म देण्यात आले. 10 नोव्हेंबरला सिम्पसन यांनी एडिंबरोच्या वैद्यकीय सभेत निबंध वाचला. आजच्या मापाने हा वेग थक्क करणारा आहे, आणि थोडा धडकी भरवणाराही.

बायबलात बाईने वेदनेतच मूल जन्माला घालावे असे म्हटले आहे, म्हणून धर्मगुरूंनी सिम्पसन यांच्यावर गहजब केला, अशी कथा नेहमी सांगितली जाते. सिम्पसन यांनी अशा आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका काढली हे खरे आहे. पण पुढच्या अभ्यासकांनी त्या काळचे कागद तपासले, तेव्हा धर्मगुरूंचा विरोध कथेइतका मोठा आढळला नाही. खरा विरोध डॉक्टरांमधूनच होता. कळा निसर्गाच्याच आहेत, त्यांत ढवळाढवळ कशाला, भुलेने मृत्यू वाढणार नाहीत कशावरून, हे प्रश्न अगदीच गैर नव्हते. सिम्पसन यांनी त्यांना वादाने उत्तर दिले, आणि आकड्यांनीही. निरनिराळ्या रुग्णालयांतून अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियांचे हिशेब मागवून, भुलेसह आणि भुलेविना झालेल्या मृत्यूंची त्यांनी तुलना मांडली.

मात्र एका बाबतीत त्यांनी घाई केली. जानेवारी 1848 मध्ये न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावात हॅना ग्रीनर नावाच्या 15 वर्षांच्या मुलीला पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देण्यात आले, आणि काही मिनिटांत ती दगावली. क्लोरोफॉर्मचा हा पहिला प्रसिद्ध बळी. सिम्पसन यांनी दोष औषधाला दिला नाही. तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात घातलेली ब्रँडी आणि पाणी श्वासमार्गात गेले असावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे असे मृत्यू होत राहिले. क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवू शकते आणि यकृतालाही अपाय करते, हे आज माहीत आहे. म्हणूनच ते भुलेसाठी वापरले जात नाही. आपल्या लाडक्या औषधाच्या बाबतीत सिम्पसन यांनी नोंद पुरी होण्याआधीच निदान केले होते.

1853 मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्या प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले गेले. ते देणारे डॉक्टर लंडनचे जॉन स्नो होते, सिम्पसन नव्हेत. पण त्या प्रसंगानंतर भुलेबद्दलची कुजबुज बरीच मंदावली.

रुग्णाकडे जाताना वाटेवरचे दगड

क्लोरोफॉर्ममुळे सिम्पसन यांचे नाव युरोपभर झाले. क्वीन स्ट्रीटच्या घरी रुग्णांची रीघ लागे. दूरगावाहून बोलावणी येत. आगगाडीने, घोडागाडीने, बोटीने ते जात. पण रुग्ण पाहून झाला, की जवळपास जुने दफनस्थळ, उभा दगड, पडके चर्च काही आहे का, याची चौकशी करत. स्कॉटलंडच्या पुरावस्तू संशोधन मंडळाचे ते उपाध्यक्ष झाले. 1861 मध्ये मंडळापुढे केलेल्या भाषणात त्यांनी या शास्त्राचे पुढचे काम काय असावे, याची आखणीच मांडली.

खळगे आणि वर्तुळे कोरलेले दगड त्या काळी अगदी अज्ञात नव्हते. शेजारच्या नॉर्थम्बरलँड परगण्यात काही अभ्यासकांनी ते पाहिले होते, आणि जॉर्ज टेट यांनी 1865 मध्ये त्यांवर पुस्तकही काढले होते. पण बहुतेकांच्या लेखी ते एकेकटे चमत्कार होते. एका गावचा दगड दुसऱ्या गावाला ठाऊक नव्हता. सिम्पसन यांनी प्रसिद्ध वैद्याच्या ओळखी कामी लावल्या. जमीनदार, गावचे पाद्री, डॉक्टर यांच्याकडून माहिती मागवली, चित्रे मागवली, आणि शक्य तिथे जाऊन स्वतः पाहिले.

लिव्हरपूल शहराच्या कडेला काल्डरस्टोन्स नावाचे मोठाले दगड उभे होते. येणारे-जाणारे ते पिढ्यान्‌पिढ्या पाहत होते. सिम्पसन यांनी ते जवळून न्याहाळले आणि त्यांवरचे खळगे व वर्तुळे यांचे वर्णन 1865 मध्ये प्रसिद्ध केले. साधारण त्याच सुमारास ते फाइफच्या किनाऱ्यावरच्या वीम्स इथल्या गुहांत गेले. तिथे भिंतींवर त्यांना जनावरांची आणि चिन्हांची कोरीव चित्रे दिसली. ती बरीच नंतरच्या, पिक्ट लोकांच्या काळातली आहेत. त्यांचे महत्त्व ओळखून ते नोंदीत आणण्याचे श्रेय मात्र सिम्पसन यांच्याकडेच जाते.

दगडावरची अशी खूण दिसणे ही सोपी गोष्ट नाही. शेवाळ आणि दगडफूल त्यावर चढलेले असते. कधी अर्धा कातळ गवताच्या थराखाली असतो. पाऊस-वाऱ्याने कडा झिजलेल्या असतात. नैसर्गिक खळगा कोणता आणि माणसाने केलेला कोणता, हे ठरवताना बोट फिरवून पाहावे लागते. ऊन तिरपे पडेपर्यंत थांबावे लागते. पोटावर हात ठेवून गर्भाची स्थिती ओळखणाऱ्या माणसाला हे काम परके वाटले नसावे.

सात प्रकार

1867 मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आधी पुरावस्तू मंडळाच्या कार्यवृत्ताची पुरवणी म्हणून तयार झाले होते. तीसहून अधिक चित्रपाट असलेल्या या ग्रंथाची मांडणी वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकासारखी आहे. आधी लक्षणांचे वर्गीकरण येते. सिम्पसन यांनी सगळ्या आकृत्या सात प्रकारांत बसवल्या. नुसते खळगे हा पहिला. एकाच कड्याने वेढलेला खळगा हा दुसरा. अनेक पूर्ण वर्तुळांनी वेढलेला तिसरा. वर्तुळे एका जागी तुटलेली आणि मधून सरळ पन्हळ बाहेर काढलेली, हा चौथा. पाचव्यात या रेषा वळणे घेतात. सहाव्यात मधला खळगाच नसतो, नुसती एकात एक वर्तुळे असतात. सातवा प्रकार म्हणजे गुंडाळत जाणारी सर्पिल रेषा.

मग ते ठिकाणांकडे वळतात. ही कोरीवकामे दगडी वर्तुळांच्या खांबांवर आढळतात, एकट्या उभ्या दगडांवर आढळतात, मृतांना पुरण्याच्या दगडी पेट्यांच्या झाकणांवर आढळतात. जमिनीखालच्या जुन्या घरांत, तटबंदीच्या जागांजवळ आणि अख्नाब्रेकसारख्या मोकळ्या कातळावरही आढळतात. एखादे चिन्ह थडग्यापाशीही असते आणि थडग्यापासून दूरही असते, हे लिहून ठेवले की त्याचा अर्थ घाईने एकाच गोष्टीला चिकटवता येत नाही.

त्यानंतर ते आयर्लंड, ब्रिटनी, स्कँडिनेव्हिया इथल्या मिळत्याजुळत्या आकृत्या मांडतात. आणि मग येतो त्या काळचा कळीचा प्रश्न. इतक्या कठीण दगडावर इतके नीट कोरायला धातूची हत्यारे लागलीच असतील, असे अनेकांना वाटे. तसे असेल तर कोरणारे लोक फार प्राचीन ठरत नाहीत. सिम्पसन यांनी वाद घातला नाही, प्रयोग करवला. एडिंबरोच्या वस्तुसंग्रहालयात कठीण ग्रॅनाइटचा एक कोरीव दगड होता. संग्रहालयाच्या द्वारपालाला चकमकीच्या दगडाचा एक लहानसा तुकडा आणि लाकडी हातोडा देऊन त्या दगडाच्या मागच्या बाजूवर वर्तुळ कोरायला सांगितले. दोन तासांत वर्तुळाचा बराचसा भाग कोरून झाला. धातूची गरज नाही, हे सिद्ध करायला तेवढे पुरेसे होते. यावरून ही कामे अश्मयुगातलीच आहेत असे सिद्ध होत नव्हते, पण ती असू शकतात एवढे मोकळे झाले. कोरणारे लोक इतिहासाला माहीत असलेल्या टोळ्यांच्याही आधीचे असावेत, याकडे सिम्पसन यांचा कल होता. आजच्या कालगणनेने त्यांना या बाबतीत दुजोरा दिला आहे.

शेवटी अर्थाचा प्रश्न उरतो. सूर्याची चिन्हे, ताऱ्यांचे नकाशे, गढ्यांचे आराखडे, यज्ञातले रक्त साठवण्याचे खळगे, अशा कल्पना तेव्हाही फिरत होत्या. सिम्पसन यांनी त्या तपासल्या. ही नक्षी असावी, कदाचित धर्माशी आणि मृतांशी जोडलेले चिन्हही असावे, इथपर्यंत ते गेले, आणि थांबले. किल्ली हरवली आहे, असेच त्यांचे एकंदर म्हणणे होते. रुग्णाची सगळी लक्षणे व्यवस्थित लिहून, निदानाची ओळ कोरी ठेवण्याचा प्रामाणिकपणा फार थोड्यांकडे असतो.

हे काम चालू असतानाच त्यांच्या घरावर आघात होत होते. 1866 च्या सुरुवातीला त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करणाऱ्यासाठी हा दुर्मीळ मान होता. अभिनंदनाची पत्रे येत असतानाच थोरला मुलगा डेव्हिड गेला. तोही डॉक्टर झाला होता. त्याच्या पाठोपाठ काही आठवड्यांत मुलगी जेसी गेली. दुसऱ्यांची मुले सुखरूप जगात आणणाऱ्या या माणसाने आपल्या नऊ मुलांपैकी पाच स्वतःच्या हयातीत गमावली. थडग्यांवरच्या चिन्हांचे ते पुस्तक या दुःखानंतरच्या वर्षी बाहेर आले.

वैद्यकातला शेवटचा हिशेब

1868 मध्ये स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ यांच्याशी सिम्पसन यांचा वाद झाला. इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये लांबी-रुंदीची दैवी मापे साठवली आहेत, असे स्मिथ यांचे मत होते. सिम्पसन यांनी निरनिराळ्या मोजणीदारांनी घेतलेली पिरॅमिडच्या पायाची मापे शेजारी शेजारी मांडली. ती एकमेकांशी जुळत नव्हती. ज्या मापावर सगळा डोलारा उभा, तेच नक्की नसेल तर पुढच्या गणिताला अर्थ नाही, हे त्यातून उघड झाले.

त्यानंतरच्या वर्षी त्यांनी हीच नजर रुग्णालयांकडे वळवली. मोठ्या शहरी रुग्णालयांत हात-पाय कापलेले रुग्ण जखम चिघळून मरत होते. खेड्यातल्या घरात, साध्या पलंगावर तीच शस्त्रक्रिया झालेले लोक वाचत होते. सिम्पसन यांनी देशभरच्या गावोगावच्या डॉक्टरांना पत्रे लिहून त्यांच्या शस्त्रक्रियांचे हिशेब मागवले. दगडांची माहिती मागवली होती, तशीच. गावांतल्या 2098 अवयवच्छेदनांत 226 मृत्यू झाले होते. मोठ्या रुग्णालयांतल्या 2089 मध्ये 855. म्हणजे गावात साधारण नऊत एक, आणि रुग्णालयात जवळजवळ अडीचात एक. रुग्णालय हीच आजाराची जागा झाली आहे, असा त्याचा अर्थ होता. एवढ्या प्रचंड इमारती नकोत, लहान, सुटसुटीत, गरज पडली तर पाडून पुन्हा बांधता येतील अशा खोल्या हव्यात, असे त्यांनी सुचवले.

या आकड्यांवर टीका झाली, आणि काही टीका रास्त होती. शहरात येणारे अपघात जास्त गंभीर असतात, गावचे डॉक्टर अपयश विसरू शकतात. तरीही फरक एवढा मोठा होता, की तो झटकून टाकता येण्यासारखा नव्हता. आज रुग्णालयात दाखल झाल्यानंतर होणाऱ्या जंतुसंसर्गाची नोंद ठेवणे हा रुग्णालयाच्या गुणवत्तेचा भाग मानला जातो. तो प्रश्न आकड्यांत मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत सिम्पसन होते.

पण ज्या माणसाकडे या प्रश्नाचे उत्तर होते, त्यालाच ओळखण्यात ते चुकले. जोसेफ लिस्टर यांनी 1867 मध्ये ग्लासगोहून कार्बोलिक आम्लाने जखमा जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत जाहीर केली. सिम्पसन यांनी त्यात नवे काही नाही, फ्रान्समध्ये ल्मेअर यांनी हे आधीच वापरले आहे, असा वाद उभा केला. पार्श्वभूमीला जुने वैरही होते. लिस्टर हे एडिंबरोचे शल्यविशारद जेम्स साइम यांचे जावई. रक्तस्राव थांबवण्यासाठी सिम्पसन यांनी सुया टोचून रक्तवाहिनी दाबण्याची पद्धत काढली होती, आणि साइम यांनी त्या पद्धतीची पुस्तिका भर वर्गात फाडली होती. कोण पहिला, या भांडणात कोणाचे रुग्ण वाचतात हा हिशेब मागे पडला. अनोळखी दगडासमोर सिम्पसन यांना जो संयम होता, तो ओळखीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर राहिला नाही.

6 मे 1870 रोजी, 58 व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाची तयारी दाखवली गेली होती. घरच्यांनी ती नम्रपणे नाकारली. एडिंबरोच्या वॉरिस्टन दफनभूमीत, आधी गेलेल्या मुलांशेजारी त्यांना पुरण्यात आले. अंत्ययात्रेला सारे शहर रस्त्यावर आले होते. काही आठवड्यांतच पत्नी जेसीही गेल्या.

नागपूरपर्यंत पोहोचलेली वही

सिम्पसन यांच्या पुस्तकाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. ब्रिटिश अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांना नागपूरजवळच्या जुनापाणी इथल्या दगडी वर्तुळांतल्या काही दगडांवर ओळीने कोरलेले खळगे दिसले. त्यांनी कुमाऊंच्या डोंगरातही असेच खळगे पाहिले होते. ताडून पाहायला त्यांच्याकडे सिम्पसन यांचे चित्रपाट होते. 1877 आणि 1879 मध्ये त्यांनी या नोंदी प्रसिद्ध केल्या. हे साम्य पाहून दोन्हीकडचे लोक एकाच वंशाचे असावेत, असे तेव्हा काहींना वाटले. आज तसे मानले जात नाही. विदर्भातली ही दफनवर्तुळे लोहयुगातली, म्हणजे स्कॉटलंडच्या कोरीवकामांपेक्षा कितीतरी नंतरची आहेत. पण त्या अनुमानाचे काय झाले याला फारसे महत्त्व नाही. जुनापाणीचे खळगे कोणाच्या तरी लक्षात आले आणि कागदावर उतरले, हे महत्त्वाचे.

स्कॉटलंडमध्येही हे काम डॉक्टर, पाद्री, वकील अशा हौशी माणसांनीच पुढे नेले. विसाव्या शतकात रोनाल्ड मॉरिस या वकिलाने सुट्ट्या घालवून शेकडो दगड नोंदवले. या खुणांच्या अर्थाबद्दल कोणी कोणी काय काय सुचवले, याचीही त्यांनी यादी केली. ती 104 वर पोहोचली. 2017 ते 2021 या काळात सरकारी पाठबळाने एक मोठा प्रकल्प झाला. गावोगावच्या स्वयंसेवकांनी कॅमेऱ्याने अनेक कोनांतून छायाचित्रे घेतली, आणि संगणकाने त्यांतून दगडाची त्रिमितीय प्रतिकृती तयार केली. आता ऊन कलण्याची वाट पाहावी लागत नाही, पडद्यावर हवा तसा तिरपा प्रकाश पाडता येतो. स्कॉटलंडमध्ये अशी 3000 हून अधिक कोरीवकामे आता माहीत आहेत.

अर्थ मात्र अजूनही कोणाला सांगता आलेला नाही. अख्नाब्रेकच्या कातळावरची वर्तुळे दीडशे वर्षांत आणखी थोडी झिजली असतील. पाऊस, पाने, पायांचे ठसे आपले काम करतच असतात. सिम्पसन यांनी शोधलेले औषध शस्त्रक्रियागृहातून केव्हाच बाद झाले. लिस्टर यांच्याबद्दलचे त्यांचे मत काळाने खोडून काढले. पण अवयवच्छेदनांचे ते दोन रकाने आणि दगडांचे ते सात प्रकार आजही कोणीही उघडून तपासू शकतो, चूक असेल तर दाखवू शकतो, बरोबर असेल तर पुढे नेऊ शकतो. बाथगेटच्या त्या डॉक्टरांनी घाईत लिहिलेल्या एका ओळीचेही तसेच आहे. मूल आधीच जन्मले होते. तरीही त्यांनी नोंद केली.